तरंगत्या वाड्यातील भाडेकरूंसाठी सूचना

युरोपात सुट्टी घालवण्याचा एक प्रकार चांगला रुळला आहे. शनिवार ते शनिवार एका बोटीवर मुक्काम करायचा. सकाळी न्याहारी आटोपली की सायकलवर टांग मारायची आणि तीस ते पन्नास किलोमीटर रमतगमत जायचे. तोवर बोट आपले सामान घेऊन पुढच्या गावी धक्क्याला लागते. संध्याकाळी तिथे पोचावे, जेवावे आणि काल ज्या पलंगावर झोपलो त्याच पलंगावर झोपावे. रोज बॅग भरणे नाही, उपसणे नाही, ‘बस सुटतेय, चला’ नाही.

हे वाचून सदाशिव पेठेतील माणूस विचारतो, यात नवीन काय? दिवसभर सायकलवर हिंडायचे आणि रात्री आपल्याच खोलीत पाठ टेकायची, हे पुण्यात तीन पिढ्यांनी केले. म्हणूनच या सहलीला सर्वांत लायक माणूस चिमण्या गणपती ते भिकारदास मारुती या टापूत राहतो. त्याला मार्गदर्शनाची थोडी गरज आहे, आणि ती आहे असे तो कधीही कबूल करणार नाही. म्हणून न विचारता देत आहोत.

१. ‘मुठेत काय वाईट आहे?’

हा प्रश्न कोणीतरी काढणारच, तेव्हा आधी तो निकालात काढू. मुठा नदी बोट आणि सायकल एकाच दिवशी देऊ शकत नाही. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की नदीत बोट चालेल इतके पाणी येते, पण त्याच दिवशी भिडे पूल पाण्याखाली जातो आणि नदीपात्रातला रस्ता बंद होतो. विसर्ग थांबला की रस्ता मोकळा होतो, पण मग नदीत जे उरते त्यात बोट घालायला बोटीचा मालक तयार होत नाही. मुठा उजव्या कालव्याला पाणी असते, परंतु त्यावर दौंड-इंदापूरच्या शेतकऱ्यांचे नाव आधीच लागलेले आहे. सबब, परदेशी जाणे भाग आहे. असे कारण दिले की घरच्यांनाही हौस न वाटता नाइलाज वाटतो.

२. नदीची निवड

मुख्य पर्याय तीन.

डॅन्यूब : जर्मनीतील पासाउ ते ऑस्ट्रियातील व्हिएन्ना, तीनशेहून थोडे अधिक किलोमीटर. पूर्वी प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या बोटी काठावरून घोड्यांकडून ओढून नेत. त्या घोड्यांच्या वाटांवरून आज बऱ्याच ठिकाणी सायकली जातात. सायकल आणि बोट यांची सोयरीक जुळली ती अशी.

कनाल द्यु मिदी : दक्षिण फ्रान्समधला सुमारे २४० किलोमीटरचा कालवा, १६८१ मध्ये पुरा झाला. तो बांधणाऱ्या प्येर-पॉल रिके यांनी त्यात स्वतःची पुंजी ओतली आणि काम पुरे होण्याच्या काही महिने आधी ते वारले. सार्वजनिक कामात पदरचे पैसे घालणाऱ्याचे काय होते, याचा दाखला म्हणून पेठेने हा कालवा जरूर पाहावा.

ॲमस्टरडॅम ते ब्रूज : नवख्याने हाच मार्ग धरावा. पश्चिम हॉलंडमध्ये चढ म्हणजे पूल. दुसरा चढ नाही. देशाचा पाव भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे, त्यामुळे कित्येक ठिकाणी कालवा वर आणि शेत खाली दिसते. डेकवर चहा पीत बसलेल्या माणसाला गायींची पाठ दिसते. दर रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत सायकल मारणाऱ्यांनी मात्र ‘सपाट आहे, त्यात काय’ असे म्हणू नये. घाटाची कसर तिथे वारा भरून काढतो. डच लोक समोरून येणाऱ्या वाऱ्यात सायकल चालवण्याची राष्ट्रीय स्पर्धा भरवतात. समुद्राला घातलेल्या एका बंधाऱ्यावर, बिनगिअरच्या सायकलींवर, आणि तीही वादळी वारा सुटला तरच. घाट निदान उतरताना परतफेड करतो. वारा ती करील याची खात्री नाही.

३. जागेची पाहणी

या बोटी मुळात मालवाहू. कोळसा, धान्य, वाळू, खडी वाहून न्यायच्या. नावाडी मागच्या खोलीत बायकामुलांसह संसार करायचा. पुढे माल ट्रकवर आणि मोठाल्या जहाजांवर गेला आणि लहान बोटी रिकाम्या पडल्या. फ्रान्समधल्या बोटींचे माप तर सरकारने ठरवले आहे. १८७९ मध्ये मंत्री फ्रेसिने यांनी मुख्य कालव्यांवरचे लॉक ३९ मीटर लांब आणि ५.२ मीटर रुंद असावेत असा कायदा केला. लॉक म्हणजे पाण्याची कुलूपबंद खोली : बोट आत घ्यायची, दोन्हीकडचे दरवाजे लावायचे, पाणी भरायचे किंवा सोडायचे, की बोट वरच्या नाहीतर खालच्या पातळीला येते. त्यात बसायचे म्हणून बोटी साडेअडतीस मीटर लांब आणि पाच मीटरांहून जेमतेम रुंद झाल्या.

आता आतून पाहा. मधून लांब बोळ. दोन्ही अंगांना खोल्या. एकाने पोट आत घेतल्याशिवाय दुसऱ्याला पुढे जाता येत नाही. शेजारच्या खोलीतले घोरणे, खोकणे आणि नवरा-बायकोचे मतभेद फळीपलीकडून स्वच्छ ऐकू येतात. कॅप्टन हाच बहुधा मालक. तो मागे राहतो आणि कोण किती वाजता परतले यावर नजर ठेवतो. सदाशिव पेठेतील वाचकाने जागा ओळखली असेलच. हा वाडा आहे. फक्त तरंगतो.

भिंतींवर पाट्याही आहेत. बूट काढून आत यावे. गरम पाणी जपून वापरावे. संडासात कागदाखेरीज काही टाकू नये. मजकूर पेठेला पटण्यासारखा आहे, शैली नाही. सुरुवातीला ‘कृपया’, शेवटी ‘धन्यवाद’ आणि खाली हसरा चेहरा. एवढी उधळपट्टी केल्यावर पाटीचा धाक काय राहणार? दुरुस्ती अवश्य सुचवावी, पण पहिल्या दिवशी नको.

एक गोष्ट मात्र खटकेल. बोट जुनी झाली तेव्हा तिथे कोणी ती पाडून त्या जागी सहा मजली बोट, खाली पार्किंग आणि वर ‘सरिता हाइट्स’ असे केले नाही. आहे त्याच सांगाड्यात फळ्या ठोकून खोल्या काढल्या, प्रत्येकीला न्हाणी दिली आणि भाडेकरू ठेवले. वाढीव एफएसआय शून्य. अशा लोकांनी प्रगती कशी केली, हे कोडेच आहे.

४. कागदपत्रे व शिधा

व्हिसा शेंगेन. ज्या देशात रात्री जास्त, त्या देशाकडे अर्ज. ॲमस्टरडॅम-ब्रूज सहलीत बेल्जियमला बहुधा शेवटच्या काही रात्रीच येतात, तरी वेळापत्रक पुढ्यात घेऊन रात्री बोटांवर मोजाव्यात. फी ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोंचा.

सामानात सुटकेस नको. पलंगाखाली जाईल अशी मऊ पिशवी घ्यावी, कारण खोलीत एक तर तुम्ही उभे राहाल, नाहीतर सुटकेस.

शिध्याबाबत युरोपीय संघाचे नियम पेठेच्या आहाराशी बरेचसे जुळतात आणि ऐन मोक्याला फिरतात. बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. मांसाचे दुःख नाही. पण तूप, पेढे आणि श्रीखंडही त्यात गेले. भाजणी, मेतकूट, दाण्याची चटणी, बाकरवडी यांना कोणी हरकत घेत नाही. ताज्या फळांना रोग-कीड नसल्याचे सरकारी प्रमाणपत्र लागते, त्यामुळे हापूस घरीच संपवून निघावे. केळी, खजूर, अननस, डुरियन आणि नारळ यांना मात्र सूट आहे. म्हणजे बोटीच्या नाकाशी श्रीफळ वाढवण्याची कायदेशीर सोय आहे. रंग ओरखडणार नाही अशी जागा कॅप्टनला विचारून घ्यावी.

५. सायकल

सायकली बोटीवरच मिळतात. ज्यांना लहानपणी बिनदिव्याच्या सायकलीची हवा पोलिसाने सोडल्याचे आठवते, त्यांनी दिवा आधी तपासावा.

खरा धोका ब्रेकचा. कित्येक डच सायकलींचा मागचा ब्रेक पायडलमध्ये असतो. पायडल उलटे दाबले की सायकल थांबते. पुणेकराला मात्र सायकल चालवताना विचार करायची सवय असते आणि विचार करताना तो पायडल उलटे फिरवतो. हॉलंडमध्ये असे करणारा माणूस विचारासह जागच्या जागी उभा राहतो आणि मागचे आठ सहप्रवासी एकमेकांवर येतात. यावर उपाय एकच, चालत्या सायकलीवर विचार करू नये. जमत नसेल तर रांगेत शेवटी राहावे.

वाहतूक उजव्या बाजूने. पुणेकराला दोन्ही बाजूंचा सराव असल्याने याचे वेगळे प्रशिक्षण नको. एकेरी रस्त्यांबाबत मात्र निराशेची तयारी ठेवावी. बहुतेक ठिकाणी ‘प्रवेश बंद’च्या खाली, सायकलींना हे लागू नाही, अशी छोटी पाटी असते. उलट दिशेने घुसावे, मामांच्या नजरेस नजर न देता सटकावे, तर ते कायदेशीर निघते. त्यात राम नाही.

रस्ता शोधण्याचीही तीच गत. प्रत्येक नाक्यावर ठळक आकडा असलेला फलक असतो आणि पुढच्या आकड्याकडे बाण. दिवसाचा मार्ग म्हणजे चिठ्ठीवर लिहिलेले पंधरा-वीस आकडे. कोणी पत्ता विचारत नाही, त्यामुळे कोणाला सांगता येत नाही, त्यामुळे ‘एवढं साधं कळत नाही का?’ हे म्हणण्याची संधी आठवडाभर येत नाही. हा उपास आहे असे समजावे.

मुक्कामाला सायकल पाण्याच्या कडेला टेकवू नये. ॲमस्टरडॅमच्या कालव्यांतून दरवर्षी बारा-पंधरा हजार सायकली यारीने उपसून काढतात. त्यांत आपल्या अनामत रकमेची भर नको.

६. दिनक्रम

न्याहारीच्या टेबलावर पाव, चीज, जॅम, फळे मांडलेली असतात, आणि त्यातूनच दुपारचा डबा प्रत्येकाने आपापला भरून घ्यायचा असतो. हे वाक्य पुन्हा वाचावे. हॉटेलात रुमालाआड, वेटरची पाठ वळल्यावर करावी लागणारी गोष्ट इथे नियम आहे, वर कागदी पिशवीही देतात. प्रथमच जाणाऱ्यांचे हात सवयीने थरथरतात. तिसऱ्या दिवशी ठीक होते.

दुपारी एक ते चार या वेळेचे काय, ही रास्त शंका आहे. उत्तर समाधानकारक आहे. सायकलला सुट्टी देऊन दिवसभर बोटीवर राहण्याची बहुतेक ठिकाणी मुभा असते आणि बोट तर दिवसाच चालते. सबब, माणूस आडवा, पडदा ओढलेला, आणि तरी सहल पुढे सरकते आहे. जागतिक प्रवासाच्या इतिहासात वामकुक्षीचा एवढा सन्मान दुसऱ्या कोणी केलेला नाही. लहान डच गावांत सोमवारी सकाळी बरीच दुकाने बंद असतात. ते पाहून आत्मीयता वाटली तरी शटर वाजवून दुकानदाराचे अभिनंदन करू नये.

७. हिशेबाची वही

चहा-कॉफी, बिअर वगैरे जे जादा घ्याल, त्यासाठी जेवणघरात एक तक्ता लटकवलेला असतो. आपल्या नावापुढे आपणच रेघ ओढायची आणि शेवटच्या रात्री एकरकमी चुकते करायचे. कोणी पाहत नाही. सारा कारभार विश्वासावर.

पेठेतील माणूस रेघ चुकवत नाही, पण एवढ्या विश्वासाने तो अस्वस्थ होतो. त्याने आपली वेगळी डायरी ठेवावी आणि रोज रात्री तक्त्याशी ताडून पाहावी. चौथ्या दिवसापर्यंत बाकीचे लोकही आपापली बेरीज त्याच्याकडून तपासून घेऊ लागतात, आणि सहाव्या दिवशी कॅप्टन तक्ताच त्याच्या हवाली करतो. खुर्ची मिळाली की सोडू नये. याच काळात पाट्यांचा विषय काढावा.

८. खर्च

भाडे माणशी आठवड्याला साधारण हजार युरोपासून पुढे. विमान वेगळे, व्हिसा वेगळा, बक्षिसी मनाला येईल ती. मनाला काय आले ते सांगू नये.

एवढे पैसे आणायचे कुठून, ही पेठेत आता अडचण राहिलेली नाही. आजोबा ज्या वाड्यात भाडेकरू होते तो पाडून नव्या इमारतीत जो फ्लॅट मिळाला, तो भाड्याने द्यावा आणि ते भाडे या सहलीला लावावे. लांब बोळ, दोन्हीकडे खोल्या, मागे मालक, भिंतीवर पाट्या आणि जपून वापरायचे पाणी, हे सगळे आजोबांना बारा महिने नाममात्र भाड्यात मिळत होते, आणि ते रोज त्याची तक्रार करत. तुम्हाला तेच एक आठवडा मिळेल आणि युरो मोजून मिळेल. तक्रार मात्र पूर्ण दराने करावी. ती भाड्यात धरलेली असते.