गुरुजींवर वालाचं कर्ज

शाळेत परसबाग करायचं ठरलं की माती, पाणी, बियाणं हे प्रश्न नंतर येतात. त्याआधी एखादा बाप सायकलवरून न उतरता, एक पाय टेकून विचारतो, "माती उकराले घरी वावर हाये ना जी, गुरुजी. शाळेत कायले?"

चंद्रपूर-गडचिरोलीकडे या प्रश्नाला चटकन उत्तर देणारे गुरुजी मला अजून भेटायचे आहेत. मुलाच्या हातची कुदळ सुटावी म्हणून ज्यानं त्याला शाळेत घातलं, त्याच्याच मुलाला आपण शाळेत कुदळ देणार, वर त्या बापालाही श्रमदानाला बोलावणार! पेच जुनाच आहे. ऑक्टोबर १९३७मध्ये इथून जवळ वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, हाताच्या कामातून शिकवायची गांधीजींची कल्पना तिथे मांडली गेली आणि नई तालीम सुरू झाली. वर्ध्याहून चंद्रपूरला यायला काही तास पुरतात. त्या कल्पनेला मात्र सायकलवाल्या बापापर्यंत पोचायला अजून वेळ लागेल असं दिसतं.

तोवर हिशेबाचं बघू. पोषण आहारात पाचवीपर्यंतच्या मुलामागे रोज ५० ग्रॅम भाजी धरलेली आहे, सहावी ते आठवीला ७५. म्हणजे चाळीस लहान मुलांच्या शाळेला रोज दोन किलो. चार वाफ्यांची बाग इतकं देत नाही, आणि देते तेव्हा सगळी वांगीच देते. पण तालुक्यापासून राज्यापर्यंत परसबागांच्या स्पर्धा असतात, तेव्हा परीक्षक यायच्या आदल्या दिवशी वाफ्याच्या विटांना चुना लागतो. विटा खाण्याच्या नसल्या तरी फोटोत त्याच आधी दिसतात.

गंमत पुढे होते. पालकसभेला तीनदा निरोप धाडूनही न येणारी माणसं बागेच्या कुंपणापाशी आपसूक थांबतात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत आणि निम्म्या बायका असाव्यात असा कायदा आहे. कागदावर त्या असतातही. पण सभेत पदर डोक्यावर ओढून गप्प बसलेली बाई वांग्याचं रोप बघून गप्प बसू शकत नाही. "असे लावतेत का जी?" म्हणत ती आत शिरते, गुरुजींनी लावलेली ओळ उपटते आणि परत लावते. जिचं आयुष्य धानाच्या रोवणीत गेलं, तिला दोन रोपांतलं अंतर फुटपट्टीनं शिकवायला निघालेला माणूस शूर म्हणायचा. बाहेरच्या जिल्ह्यातून बदलून आलेल्या गुरुजींना त्या सकाळी कळतं, की कुटुंबांची मदत आधी बोलणी खाण्याच्या रूपात येते. माझ्या मते तिचा खरा उपयोगही तिथेच आहे. नुसतं खत-पाणी विकतही मिळेल.

पाण्याची सोय मुलं नकळत करतात. जेवणाआधी हात धुतले की ते पाणी नालीतून केळी-पपईच्या आळ्यात जातं, तांदूळ धुतलेलंही तिकडेच. केळी सुकल्यासारखी दिसू लागली की 'आज हात नीट धुवा' असा हुकूम निघतो. स्वच्छतेला इतकी ठोस कारणं पुस्तकात सापडत नाहीत.

कुंपणाला बांबू लागतो. बांबूच्या जिल्ह्यात बांबूची काय कमी, असं वाटेल. पण गडचिरोलीतल्या लेखा-मेंढा गावाला सामूहिक वनहक्क २००९मध्ये मिळाला, आणि स्वतःच्या बांबूचे वाहतूक परवाने द्यायचा अधिकार ग्रामसभेच्या हाती यायला २०११चा एप्रिल उजाडला. कुंपण झालं तरी ते शेळीपुरतंच. वांदरं त्यावर बसून बागेची पाहणी करतात. ऑक्टोबर २०२१मध्ये छत्तीसगडकडून रानहत्तींचा कळप गडचिरोलीत आला, तेव्हापासून कुंपण या विषयावर फार ठामपणे बोलू नये असं मी ठरवलं आहे.

खरी परीक्षा मात्र उन्हाळ्याची. विदर्भातल्या शाळा उरलेल्या राज्यापेक्षा उशिरा उघडतात, कारण मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५च्या पुढे जातो. मुलांना सुट्टी आहे, दोडक्याला नाही. मग घरांच्या पाळ्या लावतात. यादी सुबक असते. पण मार्च-एप्रिलात ही घरं उजाडायच्या आत मोहफुलं वेचायला गेलेली असतात, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला. शाळेचा वाफा वाळला म्हणून त्यांना कोण बोलणार? वर्षाची मिळकत तिकडे आहे. शेवटी पाणी घालते ती गावात मागे राहिलेली एखादी आजी, जिचं नाव यादीत नसतंच. ती संध्याकाळी दोन गुंड पाणी आणते आणि मोबदल्यात मुनग्याच्या शेंगा तोडून नेते. हा व्यवहार कुणी ठरवलेला नाही, कुणी मोडतही नाही.

तिनेच आपल्या सांदवाडीतल्या मांडवावरचे वाल बियाण्याला दिलेले असतात, राखेत घोळून ठेवलेले. बियाणं उसनं घेतलं तर पीक आल्यावर वाढवून परत करायचं, ही इकडची रीत. गुरुजींना ती ठाऊक नव्हती. वाल भरघोस आले, तसे शेंगांसकट खिचडीत गेले. बियाण्याला एक दाणा राहिला नाही. हे कर्ज लिहायला शाळेच्या दफ्तरात रकाना नाही. आजीला रकान्याची गरज नाही. नातू पाठीवर दप्तर अडकवून निघाला की ती ओट्यावरून हाक मारते, "गुरुजीले सांगजो, माये वाल राह्यले म्हणा."