अर्ज नको, गुन्हा लिहा

विहिरीवरची मोटर रात्रीत चोरीला जाते. सकाळी शेतकरी तालुक्याच्या ठाण्यात येतो. ठाणे अंमलदार विचारतात, "कोणावर संशय आहे का?" "नाही साहेब." "मोटरची पावती?" "घरी असेल." "मग एक अर्ज देऊन जा, बघतो आम्ही." समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून कोणीतरी अर्ज लिहून देतं, अंमलदार तो फायलीत सरकवतात आणि शेतकरी रिकाम्या हातानं एसटी धरतो. मोटर गेली, आणि ती गेल्याचा कागदही हाती नाही.

संशयित सांगता येत नाही म्हणून गुन्हा लिहायचा नाही, असं कोणत्याही कायद्यात म्हटलेलं नाही. चोर कोण हे शोधणं ठाण्याचं काम आहे, फिर्यादीचं नव्हे. 'अज्ञात चोरट्याविरुद्ध गुन्हा दाखल' ही ओळ आपण पेपरात रोज वाचतो. म्हणजे लिहायचं ठरवलं की लिहिता येतं.

पोलीस ठाणं लोकांना काय देतं, असं विचारलं तर लोक बंदोबस्त, गस्त आणि 112 सांगतील. माझ्या मते ठाण्याची पहिली सेवा कागद देणं ही आहे. काय घडलं, कधी घडलं, कोणी सांगितलं, कोणी लिहून घेतलं, याची तारखेनिशी नोंद. ही नोंद झाली की तपास, विमा, नुकसानभरपाई आणि कोर्ट या सगळ्याला सुरुवात होते. नोंद नसेल तर चोरी झाली हे फक्त त्या शेतकऱ्याला आणि चोराला माहीत.

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात 2013 सालीच स्पष्ट केलं की दखलपात्र, म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या परवानगीवाचून तपास करता येणाऱ्या, गुन्ह्याची माहिती मिळाली तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे. आधी थोडी चौकशी करायची मुभा मोजक्याच प्रकारांत आहे, आणि त्या चौकशीचीही नोंद डायरीत व्हायला हवी. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या 173व्या कलमाने फिर्यादीची बाजू आणखी भक्कम केली. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. ऑनलाइन दिली तर 3 दिवसांत सही करावी लागते. लिहिलेलं वाचून दाखवायचं आणि त्याची प्रत फिर्यादीला किंवा पीडिताला फुकट, लगेच द्यायची. फुकट आणि लगेच, हे दोन्ही कायद्यात आहे. "प्रत उद्या न्या, रायटर सुट्टीवर आहे" हे कायद्यात नाही.

एक बारकी गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण लहान गावाला तिचाच चटका बसतो. 5000 रुपयांखालच्या चोरीत, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला आणि त्याने माल किंवा किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा द्यावी, अशी तरतूद नव्या भारतीय न्याय संहितेत आहे. हेतू चांगला आहे. पण नागरिक सुरक्षा संहितेच्या अनुसूचीत ही चोरी अदखलपात्र ठरवली आहे. आता चोरच सापडलेला नाही, तर तो पहिल्यांदा चोरी करतोय की दहाव्यांदा, हे ठाण्याला कसं कळणार? केबलचा तुकडा, चार कोंबड्या, सायकल, साधा मोबाइल, हे सगळं 5000च्या आत बसतं. मोलमजुरी करणाऱ्याच्या घरात एवढ्याच किमतीच्या वस्तू असतात. त्याच्या चोरीचा तपास मॅजिस्ट्रेटच्या परवानगीवाचून होणार नाही आणि बंगल्यातल्या चोरीचा होईल, हे मला मान्य नाही. ही तरतूद बदलली पाहिजे.

तोवर ठाण्याने निदान एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, तरी घ्यावी. अदखलपात्र गुन्ह्याचीही वहीत नोंद करावी लागते आणि अशा नोंदींचा अहवाल दर पंधरवड्याला मॅजिस्ट्रेटकडे पाठवावा लागतो. बांधावरचं भांडण, शिवीगाळ, शेजाऱ्याची धमकी, यात एनसीची प्रत जपून ठेवा. पुढे प्रकरण चिघळलं तर आधी काय घडलं होतं हे त्याच कागदावरून ठरतं.

सगळ्यात जास्त राग येतो तो बेपत्ता मुलांच्या बाबतीत. "पोरगी गेली असेल कोणाबरोबर, रात्रीपर्यंत वाट बघा." हे वाक्य ऐकून बाहेर आलेल्या आईबापांना विचारा, ती रात्र कशी जाते. चोवीस तास थांबायचा कोणताही नियम नाही. मूल अठरा वर्षांखालचं असेल तर अपहरण किंवा मानवी तस्करी झाली असं गृहीत धरून थेट एफआयआर नोंदवा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्येच सांगितलं आहे. पहिल्या काही तासांत बसस्टँड, रेल्वे स्टेशन आणि मोबाइलचं लोकेशन तपासलं तर मूल सापडतं. ते तास ठाण्याच्या बाकावर घालवले तर ते परत कोण देणार?

आणि बाईने लैंगिक अत्याचाराची माहिती देऊनही ती लिहून घेतली नाही, तर लिहून न घेणाराच गुन्हेगार ठरतो. न्याय संहितेच्या 199व्या कलमात त्याला 6 महिने ते 2 वर्षं सश्रम कारावास आहे. हे कलम प्रत्येक ठाण्यात, अंमलदाराच्या टेबलासमोर, मोठ्या अक्षरांत लावावं.

बाकीच्या सेवांचं थोडक्यात. चारित्र्य पडताळणीचा दाखला ऑनलाइन मागता येतो. कंपनीत वॉचमन किंवा ड्रायव्हर म्हणून लागणाऱ्या पोराची नोकरी या एका कागदावर अडलेली असते, तेव्हा फाइल टेबलावर पडू देऊ नका. पासपोर्टची फी अर्ज करतानाच भरलेली असते, पडताळणीला आलेल्या पोलिसाला चहापाण्याचं काही देणं उरत नाही. संवेदनशील गुन्हे वगळून बाकीचे एफआयआर 24 तासांत संकेतस्थळावर टाका, असा 2016चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे. राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावर आपल्या ठाण्याचे गुन्हे घरबसल्या बघता येतात. तालुक्याच्या पत्रकारांनी ते रोज उघडावं. अटक केलेल्यांची नावं ठाण्यात दर्शनी भागात लावायची असतात. तपास कुठवर आला हे फिर्यादीला 90 दिवसांत कळवायचं असतं. हे सगळं मागा, आणि मागताना ओशाळू नका.

ठाण्यातल्या माणसांची बाजूही मला दिसते. आज गणपतीचा बंदोबस्त, उद्या मंत्र्याचा दौरा, परवा निवडणूक. मधल्या वेळात तोच हवालदार पंचनामा करतो, समन्स बजावतो, मुद्देमाल सांभाळतो. पण गुन्हा न लिहिण्याचं खरं कारण कामाचा बोजा हे नाही. खरं कारण आकडा आहे. गुन्ह्यांची संख्या वाढली की जिल्ह्याच्या क्राइम मीटिंगमध्ये ठाणेप्रमुखाला उभं करतात, आमदार विचारतात, पेपर 'गुन्हेगारी वाढली' म्हणून मथळा देतात. मग आकडा खाली ठेवायचा सोपा मार्ग उरतो, अर्ज घ्या. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग स्वतःच बजावतो की नोंदणी वाढणं आणि गुन्हे वाढणं या वेगळ्या गोष्टी आहेत. आम्ही पत्रकारांनी तरी तो मथळा देणं थांबवावं. जे ठाणं जास्त लिहितं, त्याला झोडपू नये.

आणि ज्याला अर्जावर परत पाठवलं, त्याने गप्प बसू नये. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. तरीही गुन्हा लिहिला नाही तर तीच हकीकत लिहून पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवावी, 173व्या कलमाने तो हक्क दिला आहे. तिथेही दाद मिळाली नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. अधीक्षकांना माझी विनंती एवढीच की पुढच्या क्राइम मीटिंगमध्ये किती गुन्हे दाखल झाले हे शेवटी विचारा. आधी विचारा, फायलीत किती अर्ज पडून आहेत, आणि त्यातला प्रत्येक अर्ज वाचून घ्या.