नाव सांगू नये, ही खूण

लॅपटॉपमधील फर्मवेअरने ‘आपण विंडोज आहात काय?’ अशी पृच्छा केली असता लिनक्स या प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, निःसंकोच होकार देतो, आणि ‘लिनक्स आहात काय?’ असे विचारताच, २००७ पासून, साफ नाकबूल जातो. कारण बहुतेक कारखानदारांनी यंत्राची परीक्षा विंडोजवरच घेतलेली असल्याने खरे नाव सांगणाऱ्याच्या वाट्याला कोणी न तपासलेली वाट येते.

एवढी तोतयेगिरी करूनही झाकण मिटून निजविलेले यंत्र पुष्कळदा उठत नाही: पंखा घरघरतो, दिवा लुकलुकतो, पडदा मात्र काळाच. मग कर्नलाच्या दुरुस्तीचे ठिगळ, म्हणजे पॅच, निघतो. त्यात सातबाऱ्यावरील ‘इतर हक्का’च्या नोंदीप्रमाणे अमुक कंपनीच्या अमुक मॉडेलापुरता अपवाद लिहिलेला असतो, आणि ज्याच्यापाशी नेमके तेच यंत्र असेल त्याने कर्नल नव्याने कंपाइल करून, झाकण मिटून-उघडून, ‘टेस्टेड-बाय’ या शब्दांपुढे आपले नाव रुजू करावयाचे असते.

या साक्षीस आमच्या शहापूर-मुरबाडकरांहून लायक इसम मिळणे कठीण. भातसा-तानसा धरणांचे पाणी मुंबईच्या नावे बिनतक्रार वाहते आणि शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. मुरबाडला औद्योगिक वसाहत आली, रेल्वे मात्र अद्याप कागदावरच धावते. सरकारदरबारी कोणते नाव सांगितले असता यंत्रणा हलते, हे ज्यांना इतके पाठ आहे, त्यांना कर्नलाचे चातुर्य नवे वाटणार नाही. नवल वाटेल ते एवढेच, की तेथे तक्रार करणाऱ्यालाच दुरुस्तीची चाचणी घेऊ देतात!