अकरावीप्रवेशमीमांसा, अर्थात काळेवाडीकर पालकांस सविनय मार्गदर्शन

दहावीचा निकाल लागल्यापासून अकरावीचा वर्ग भरेपर्यंतच्या काळात जिच्या नावाने सर्व लिखापढी चालते, जिचे छायाचित्र अर्जावर झळकते आणि जिला सदर प्रकरणी कोणताही अधिकार नसतो, ती व्यक्ती म्हणजे विद्यार्थी. प्रस्तुत मार्गदर्शन अर्थातच तिच्यासाठी नाही. ते तापकीर चौकापासून विजयनगरपर्यंतच्या दाट वस्तीत घराचे हप्ते फेडीत संसार करणाऱ्या आणि तरीही चिरंजीवाच्या वा कन्येच्या भवितव्याविषयी सर्वस्वी निश्चित मत बाळगणाऱ्या पालकांसाठी आहे.

प्रथम भ्रमणध्वनीचा विषय घ्यावा, कारण अर्जाचा आरंभ तेथूनच होतो. कुटुंबप्रमुखाचा क्रमांक देणे शिष्टाचारास धरून असले तरी, कुटुंबप्रमुख चाकणच्या कारखान्यात पहिल्या पाळीत मोटारीचे दरवाजे बसवीत असेल आणि त्याचा फोन कंपनीच्या नियमानुसार लॉकरमध्ये कुलूपबंद असेल, तर काही मिनिटांचेच आयुष्य लाभलेला ओटीपी त्या लॉकरमध्येच देह ठेवतो, हे ध्यानी घेऊन मातोश्रींचा क्रमांक नोंदवावा. घरातले सत्तांतर याहून कमी गाजावाजाने कधी झालेले नाही.

अकरावी ही पूर्वी शाळेतच बसत असे. १९७५च्या सुमारास दहा अधिक दोनचा आकृतिबंध आला आणि ती शाळेतून उठून कनिष्ठ महाविद्यालयात गेली. तेव्हापासून ती सापडावयास कठीण झाली आहे. त्यानंतरची तीन-साडेतीन दशके पालक उन्हात महाविद्यालयांच्या खिडक्यांपुढे रांगा लावून अर्ज विकत घेत. मग मुंबईपुण्याकडे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश अवतरला आणि २०२५ साली तो अवघ्या राज्यास लागू करण्यात आला. त्या वर्षी नोंदणीच्या पहिल्याच दिवशी, म्हणजे २१ मे रोजी, संकेतस्थळाने मान टाकली आणि २६ मेपासून कारभार पुनश्च सुरू झाला. रांग नष्ट झाली असे जे म्हणतात त्यांनी तो दिवस पाहिला नसावा. रांग होतीच, फक्त पुढे किती माणसे उभी आहेत हे दिसण्याची सोय तेवढी काढून घेण्यात आली होती. जाणत्याने अर्ज पहाटे चार वाजता भरावा. तिसऱ्या पाळीतल्या गृहस्थास ही वेळ विशेष मानवते.

गुणांविषयी फार बोलू नये. उत्तम पाच विषयांची बेरीज, तीत चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेचे अथवा खेळाचे वाढीव गुण, असा हा हिशेब असतो. एरवी ज्या मुलाच्या हातातला कुंचला अभ्यासाचे निमित्त सांगून काढून घेतला होता, त्याच कुंचल्याच्या ‘अ’ श्रेणीचे प्रमाणपत्र आता कपाटाच्या तळातून सन्मानाने बाहेर काढावे. परंतु या आनंदात एक गोष्ट विसरू नये. २०२५च्या निकालात राज्यातील २११ विद्यार्थ्यांना शंभर टक्के गुण मिळाले आणि त्यांतले ११३ एकट्या लातूर विभागाचे होते. काळेवाडीतील कित्येक कुटुंबे लातूर, बीड, धाराशिवकडून कामाच्या शोधात इकडे आलेली असल्यामुळे ही वार्ता वर्तमानपत्राच्या आधी मामाच्या फोनवरून येते. “दाजी, पोरगं शाहूला टाका, डोळं झाकून,” असा मामाचा आदेश असतो, आणि शाहू म्हणजे लातूरचे राजर्षी शाहू महाविद्यालय. ज्या लातूरहून बाप पोटासाठी पिंपरीस आला, त्याच लातूरला मुलाने विद्येसाठी भाड्याच्या खोलीत जाऊन राहावे, ही तजवीज ऐकून दाजींना क्षणभर आपण वीस वर्षे उगाचच इकडे घालवली असे वाटू लागते. मामाशी वाद घालू नये. “विचार करतो,” म्हणावे, आणि फोन ठेवताच महिन्याची खाणावळ विचारून घ्यावी. पुढील विचार आपोआप थांबतो.

आता पसंतीक्रम. अर्जाच्या दुसऱ्या भागात किमान एक व कमाल दहा महाविद्यालये लिहावयाची असतात. यांतले पहिले नाव नातेवाइकांसाठी असते. तेथे फर्ग्युसन लिहिण्याची प्रथा आहे. १८८५ साली स्थापन झालेल्या संस्थेचे नाव अर्जात असणे हीच एक पदवी होय, आणि गतवर्षीचा कट-ऑफ आपल्या गुणांहून पुष्कळ वर असल्याने तीत धोकाही नसतो. मात्र पहिले नाव शोभेचे ठेवताना ते खरोखरीच मिळणार नाही याची खात्री करून घ्यावी. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय लाभले असता जो प्रवेश घेत नाही, त्यास पुढील नियमित फेऱ्यांतून वगळण्यात येते. शोभेसाठी लिहिलेले नाव अंगावर आल्यास पवनेवरचा पूल ओलांडून पिंपरी, तेथून मेट्रोने शिवाजीनगर, तेथून पुन्हा बस, असा नित्य प्रवास मुलाच्या नशिबी येतो, आणि मग दोन वर्षांत त्यास सर्वाधिक परिचय महाविद्यालयाचा न होता स्थानकांच्या सरकत्या जिन्यांचा होतो.

दुसऱ्या ते दहाव्या क्रमांकांकरिता शहाणे पालक शिक्षक, प्रयोगशाळा, ग्रंथालय असल्या क्षुल्लक बाबींची चौकशी करीत नाहीत. ते एवढेच विचारतात की, “हजेरी लागते का?” या प्रश्नाचा अर्थ परक्यास उलटा वाटेल. जेथे हजेरी लागत नाही तेच महाविद्यालय श्रेष्ठ, कारण खरे अध्ययन चिंचवडच्या किंवा पिंपरीच्या कोचिंग क्लासमध्ये होणार असते आणि महाविद्यालयाने केवळ नाव, शिक्का व प्रात्यक्षिकाची वही पुरवावयाची असते. दोहोंमधील या स्नेहसंबंधास टाय-अप म्हणतात. शासनाने २०१८ साली विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांची हजेरी बोटांच्या ठशांनी घेण्याचे फर्मान काढले. तेव्हापासून ठसे, यंत्र आणि विद्यार्थी हे तिन्ही एकाच वेळी एकाच ठिकाणी सापडावेत, ही अपेक्षा कागदोपत्री कायम आहे.

एका विषयाचा उल्लेख दबल्या आवाजात करणे भाग आहे. पूल ओलांडून थोडे पुढे गेले की मोरवाडीस महानगरपालिकेची औद्योगिक प्रशिक्षण संस्था लागते. आपल्या इमारतीत ज्या गृहस्थाची स्वतःची चारचाकी आहे, ज्याचा मोठा भाऊ भोसरीस स्वतःचे वर्कशॉप चालवतो, तो तेथूनच फिटर होऊन बाहेर पडला, ही गोष्ट सर्वांस ठाऊक असते. तथापि मुलासमोर ती बोलू नये. ज्या पट्ट्यातील हजारो घरे टर्नर, फिटर, टूलमेकर यांच्या पगारावर उभी राहिली, तेथे आयटीआय हा शब्द केवळ धमकी म्हणून वापरण्याचा रिवाज आहे. “अभ्यास कर, नाहीतर आयटीआयला घालीन,” हे वाक्य स्वतः आयटीआय केलेल्या पित्याने उच्चारले असता त्यास आगळेच वजन प्राप्त होते. दहावीनंतर डिप्लोमाला जावे असे मुलाच्याच मनात असल्यास त्याने ते प्रवेशाची शेवटची फेरी संपल्यावर सांगावे, म्हणजे कोणाचाही वेळ जाणार नाही.

उरता उरला दाखल्यांचा खटाटोप, आणि खरी कसोटी येथेच. उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर यांसाठी सेतू केंद्राच्या बाकावर निदान एक सकाळ राखून ठेवावी व सोबत पाण्याची बाटली न्यावी. अभियांत्रिकी वा वैद्यकीय शाखेकडे राखीव जागेवर जाण्याचा मानस असेल तर जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच मार्गी लावावा. बारावीनंतर धावाधाव करणाऱ्यांचे काय होते ते जात पडताळणी समितीच्या आवारात जाऊन एकदा पाहून यावे. इतर मागासवर्गीयांस १३ ऑक्टोबर १९६७च्या पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणजे आजोबांच्या शाळेच्या नोंदवहीचा उतारा. तेव्हा दोन दिवसांची रजा टाकून लातूरकडे गावी जावे. शाळेचे मुख्याध्यापक जीर्ण दप्तर उघडता उघडता नातवास कोणते महाविद्यालय मिळाले असे विचारतील, आणि पिंपरीचे नाव ऐकून चष्म्यावरून पाहत म्हणतील, “लातूर एवढं जवळ असताना?” यावर महानगर, मेट्रो, क्लास, कट-ऑफ यांचे विवेचन करण्याच्या भरीस पडू नये. उताऱ्यावर सही-शिक्का होईपर्यंत “चुकलंच गुरुजी” एवढेच म्हणत राहावे.