आठशेत तेराशे: पहिल्यांदाच इंजिन बदलणाऱ्यांसाठी

सर्वप्रथम अभिनंदन. तुमच्या दारात १९९४ सालची मारुती ८०० उभी आहे, ती व्यवस्थित चालते आणि नेमकी हीच गोष्ट तुम्हाला सलते आहे. सकाळी चावी फिरवली की सुरू. पेट्रोलही बेताचं पिते. अशा गाडीत हात घालायला जागाच राहत नाही, आणि रविवारी हात रिकामे असलेल्या माणसाला घरचे माळा आवरायला लावतात. तेव्हा तिच्यात एस्टीमचं इंजिन बसवू या.

हे मार्गदर्शन कोल्हापुरात लिहिलं आहे. इथे ‘नाद’ हा दोष मानत नाहीत, पदवी मानतात. इतर जिल्ह्यांतल्या वाचकांनी मात्रा थोडी कमी करून घ्यावी.

‘एवढ्या पैशात चांगली वापरलेली स्विफ्ट येईल की,’ असं कोणीतरी म्हणेलच. येते. त्या माणसाला चहा पाजून वाटेला लावा.

१. गाडी वडिलांची असावी

स्वतःच्या पैशाने घेतलेल्या गाडीवर हा प्रयोग करू नये, जीव तुटतो. पहिल्या मारुतीची चावी इंदिरा गांधींनी १४ डिसेंबर १९८३ रोजी स्वतःच्या हाताने दिली. आपल्या आप्पांच्या हातात ती यायला आणखी दहा-अकरा वर्षं आणि प्रॉव्हिडंट फंडाचा मोठा तुकडा जावा लागला. त्यामुळे परवानगी मागताना शब्द जपून वापरा. ‘इंजिन बदलतोय’ म्हणू नका. ‘इंजिनाचं थोडं काम निघालंय’ म्हणा. हे अक्षरशः खरं आहे.

आप्पा बिथरलेच तर त्यांना आठवण करून द्या की इंजिनं बदलण्याचा मान त्यांच्याच पिढीचा आहे. अ‍ॅम्बेसेडरचं पेट्रोल इंजिन काढून मॅटाडोरचं डिझेल टाकणारे लोक त्यांच्याच वयाचे होते. ते त्यांनी पैसे वाचवायला केलं होतं, एवढा तपशील सांगताना गाळा.

२. इंजिन निवडणे

मूळ इंजिन ७९६ सीसी, तीन सिलिंडर, कार्ब्युरेटर, ताकद सदतीस घोड्यांच्या आसपास. पर्याय तीन.

झेनचं ९९३ सीसी. त्यातल्या त्यात समजूतदार निवड. म्हणूनच बाद.

बलेनोचं १५९० सीसी. हे घालणाऱ्यांना आम्हीसुद्धा दुरूनच नमस्कार करतो.

उरलं एस्टीमचं १२९८ सीसी, एमपीएफआय, पंच्याऐंशी घोडे. म्हणजे तुम्ही ५०२ सीसी आणि अठ्ठेचाळीस घोडे जादा भरताय, तेही अशा डब्यात ज्याचं वजन मुळात साडेसहाशे किलोच्या घरात आहे. हा आकडा तोंडपाठ करा. पुढची दोन वर्षं सांगण्यासारखं तुमच्याकडे एवढंच असेल.

इंजिन भंगारवाल्याकडून घ्या, पण मागून ठोकलेल्या गाडीचं घ्या. इंजिन पुढे असतं. समोरून ठोकलेल्या गाडीचं घेतलं तर अपघातही विकत घेतल्यासारखं होतं. विक्रेता सांगेल की गाडी एका डॉक्टरांची होती. भंगारातली प्रत्येक गाडी डॉक्टरांचीच असते. या राज्यातले डॉक्टर गाड्या फार जपतात आणि मग एकाएकी भंगारात देतात. बिल आणि रद्द झालेल्या आरसीची प्रत मागा. तो दुखावल्यासारखा बघेल. तरी मागा. त्या इंजिनाचा आधीचा मालक पोलिसांत तक्रार देऊन बसलेला असू शकतो.

३. मिस्त्री गाठणे

उद्यमनगरात लेथवर काहीही करून मिळतं, ही कोल्हापूरची खरी श्रीमंती. पण लेथवाला वेगळा आणि मिस्त्री वेगळा. मिस्त्री असा निवडा ज्याच्या शेडमध्ये आधीच चार अर्धवट गाड्या उभ्या आहेत. त्याला अनुभव असतो.

संवाद साधारण असा होईल:

‘मिस्त्री, आठशेत एस्टीम बसतंय का?’

‘बसतंय की.’

‘काही कापावं लागेल का?’

‘ते बघू की.’

‘किती दिवस?’

‘पुढच्या रविवारी गाडी घेऊन जावा, साहेब.’

त्याने कोणता रविवार ते सांगितलेलं नाही, हे ध्यानात घ्या. तो खोटं बोलत नाही.

४. जुनं इंजिन उतरवणे

चेनब्लॉक, दोन पोरं, एक दुपार. सगळ्या प्रकल्पात वेळेवर होणारं हे एकमेव काम, म्हणून नीट डोळे भरून पाहा. फोटो काढा. रिकाम्या बॉनेटखाली उभे राहून अंगठा दाखवलेला तुमचा तो फोटो पुढे आप्पा नातेवाइकांना दाखवतील, वेगळ्या कारणासाठी.

उतरवलेलं इंजिन घरी नेऊ नका. जिन्याखाली ठेवलं की घरच्यांना रोज विषय मिळतो. मिस्त्री म्हणेल, ‘कशाला ठेवताय, गिऱ्हाईक हाय.’ देऊन टाका. येईल तेवढ्यात द्या.

५. नवं इंजिन बसवणे

नवशिक्यांचा असा समज असतो की इंजिन बदलायचं म्हणजे इंजिन बदलायचं.

सुरुवात फाउंडेशनपासून. एस्टीमचे माउंटिंग आठशेच्या चौकटीला जुळत नाहीत, तेव्हा पट्टी कापून नवे कान वेल्ड करायचे. ते झाले की कळतं, चार सिलिंडरचं इंजिन तीन सिलिंडरच्या जागेत आडवं मावताना बाजूच्या पत्र्याला भिडतंय. पत्रा ठोकून आत घ्यायचा. ठोकताना मिस्त्री तुमच्याकडे पाहणार नाही. तुम्हीही त्याच्याकडे पाहू नका. अशा वेळी दोघांनीही शालीनता राखावी.

जुना चार गिअरचा गिअरबॉक्स एवढा जोर झेपवणार नाही, म्हणून एस्टीमचा पाच गिअरचा. तो आला की एक्सलची लांबी चुकते. आतलं टोक एस्टीमचं, बाहेरचं टोक आठशेचं आणि मधे उद्यमनगर, अशी जोडलेली दांडी तयार होते. दोन बाजूंच्या दांड्या सारख्या लांबीच्या नसल्याने अ‍ॅक्सिलरेटर दाबला की स्टेअरिंग एका अंगाला ओढ घेतं. ‘जोर आहे म्हणून होतंय ते,’ असं मिस्त्री कौतुकाने सांगतो. तुम्हीही कौतुकाने ऐका.

मग रेडिएटर. तीन सिलिंडरचा रेडिएटर चार सिलिंडरना पाणी पाजू शकत नाही. मोठा घेतला तर बॉनेट बसत नाही. एसी काढला तर बसतं. एसी काढा. घरच्यांना खिडकीच्या वाऱ्याचे फायदे आधीपासूनच सांगत राहा.

मग पेट्रोल. कार्ब्युरेटरला इंजिनावरच्या छोट्या पंपाचा हलका दाब पुरत होता. इंजेक्टरला टाकीतून जोराने ढकललेलं पेट्रोल लागतं. म्हणून टाकी उतरवून, कापून, आत विजेचा पंप. उरलेलं पेट्रोल टाकीत परतायला आणखी एक नळी. कापण्याआधी टाकी पाण्याने भरून रिकामी करतात, आत पेट्रोलची वाफ राहू नये म्हणून. हे काम चालू असताना मात्र तुम्ही चहाला जा. लांबच्या टपरीवर.

आणि मग वायरिंग. इथे धंद्याचं एक गुपित सांगतो. पाना फिरवणारा मिस्त्री वायरला हात लावत नाही. ते काम वायरमनचं, वायरमन येतो गुरुवारी, आणि गुरुवारी त्याचा उपवास असतो. एस्टीमच्या इंजिनाला मेंदू असतो, ईसीएम नावाचा, आणि त्याला डझनावारी ठिकाणच्या बातम्या लागतात: पाणी किती तापलं, हवा किती आली, पेडल किती दाबलं. आप्पांच्या गाडीने जन्मात असली बातमी कोणाला दिली नव्हती. भंगारवाल्याने हार्नेस कापूनच दिला असेल, घाईत. आता रंगीबेरंगी शंभर टोकं हातात घेऊन वायरमन बसतो आणि तुम्ही मोबाईलचा टॉर्च धरता. माझ्या गाडीच्या वेळी हा टॉर्च मी अकरा गुरुवार धरला. बाराव्या गुरुवारी इंजिन सुरू झालं. त्याचबरोबर वायपरही सुरू झाले. ते अजून बंद होत नाहीत, पण पावसाळ्यात अडचण जाणवत नाही.

खर्चाची वही पहिल्या दिवसापासून ठेवा. बेरीज मात्र करू नका.

६. ब्रेक

ब्रेक राहू द्या, असा सर्वसाधारण कल असतो. ते दिसत नाहीत आणि त्यांचा आवाज येत नाही. पण वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते, आणि हे उद्यमनगरातही बदलून मिळत नाही. चाक बारा इंची, टायरची रुंदी १४५ मिलिमीटर, म्हणजे वीतभरही नाही. पंच्याऐंशी घोडे रस्त्याला असे दोन पट्ट्यांनी बांधलेत. मोठ्या डिस्क घालायच्या तर बारा इंची रिममध्ये मावत नाहीत. मोठे रिम घातले तर मडगार्डला घासतात. मडगार्ड कापले तर आप्पा बोलतात. तिन्ही करा.

७. कायदा

ही पायरी लोक वाचत नाहीत, म्हणून मधे घातली आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: आरसीवर लिहिलेल्या आणि कंपनीने मुळात दिलेल्या गोष्टींशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने शिक्षाही आली: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘दर बदलामागे’ हे शब्द परत वाचा. इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल, टाकी, रिम... ती खर्चाची वही पोलिसांच्या हाती लागू देऊ नका.

विमा कंपनीला कळवणार असाल तर ती पॉलिसीबद्दल फेरविचार करेल. नाही कळवलं तर अपघातानंतर तिचा सर्व्हेअर इंजिन नंबर वाचेल, आणि त्याला वाचता येतं.

शिवाय तुमची गाडी पंधरा वर्षांच्या पुढे गेली आहे, म्हणजे दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण. त्याची फी १ एप्रिल २०२२ ला सहाशेवरून एकदम पाच हजार झाली होती. नूतनीकरणाला गाडी दाखवावी लागते. निरीक्षक बॉनेट उघडायला सांगतात. बॉनेटची केबल तुटल्याचं सांगून बघा; त्यांनी हे आजच्या दिवसात तिसऱ्यांदा ऐकलेलं असतं.

थोडक्यात, कागदावर तुमची गाडी अजून ७९६ सीसीचीच आहे आणि आरसीवर तुम्ही विकून टाकलेल्या इंजिनाचा नंबर आहे. हे लक्षात असू द्या, पुढे लागेल.

८. लोकांना उत्तर देणे

गाडी बघायला आलेला प्रत्येक माणूस बॉनेटखाली वाकेल, ‘हं’ म्हणेल आणि विचारेल: ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ पंच्याऐंशी घोड्यांबद्दल कोणी विचारणार नाही. अ‍ॅव्हरेज आठ आहे. ‘बारा-तेरा’ म्हणा. आठशेची टाकी अठ्ठावीस लिटरची, म्हणजे टाकी भरून कोल्हापुरातून निघालात तर कात्रजच्या आसपास गाडी स्वतःच थांबते. पुण्याला लग्नाला जाणार असाल तर कार्यालय कात्रजच्या अलीकडचं निवडायला पाहुण्यांना सुचवून बघा.

९. पहिली फेरी

पहाटे काढा. महामार्गाला लागा, कागलच्या दिशेने. तिसरा गिअर, पाय दाबा. गाडी खरंच उडते, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. पाठ सीटला चिकटते, आप्पांनी डॅशबोर्डवर चिकटवलेला अंबाबाईचा फोटो थरथरतो आणि अकरा गुरुवार विसरायला होतात. हे साधारण नऊ सेकंद चालतं. मग पुढे दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर येतो, त्याला ओलांडणारा दुसरा उसाचा ट्रॅक्टर येतो, आणि दोघांच्याही टेपवर वेगवेगळी गाणी असतात. त्या वेगात मोठा रेडिएटरही तापतो. कडेला घ्या. पाण्याची बाटली सोबत असू द्या. दोन लिटरची.

१०. रोजची देखभाल

रोज सकाळी सात वाजता गाडी सुरू करून बघावी. बहुधा होणार नाही. खाली उतरून, बॉनेट उघडून गंभीर चेहऱ्याने उभे राहा. सात वाजून दहा मिनिटांनी गल्लीतून एक ऑम्नी जाईल, शाळेच्या पोरांनी गच्च भरलेली. तिच्या इंजिनाचा आवाज तुम्हाला ओळखीचा वाटेल. ऑम्नीलाही तेच ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन लागतं, आणि मिस्त्रीचं गिऱ्हाईक म्हणजे हाच ड्रायव्हर. इंजिन नंबर ताडून बघायचा असेल तर तुमचीच आरसी घेऊन जा, तंतोतंत जुळेल. सरकारदरबारी जी तुमची गाडी आहे, तिचं काळीज रोज दहा-बारा पोरं घेऊन शाळेला जातंय, वेळेवर.

लाजू नका, हात करा. ड्रायव्हर भला माणूस आहे, थांबतो. आवाज चांगला लागलाय का, ते विचारा. अ‍ॅव्हरेज विचारू नका, तो सांगेल. मग मागच्या सीटवरची सातवी-आठवीची चार दांडगी पोरं धक्का मारायला खाली उतरवा, दुसरा गिअर टाका आणि क्लच दाबून धरा. उतार डावीकडे आहे.