ताबडतोबराव

बाणेर-बालेवाडीच्या बाजूला मोठी सोसायटी म्हटली की तिथे एक ताबडतोबराव असायचाच. वय पस्तीस-चाळीस, अंगात कुठल्याशा परिषदेत फुकट मिळालेला टी-शर्ट, लॅपटॉपच्या झाकणावर लाल माणकाचं चित्र. पोटासाठी जावा लिहितो, जिवासाठी रुबी. मात्सुमोतो नावाच्या जपानी गृहस्थांनी १९९५ साली ही भाषा जगापुढे आणली ती प्रोग्रॅमरला आनंद व्हावा म्हणून, हे तो पहिल्याच भेटीत सांगतो. आनंद फक्त प्रोग्रॅमरचा. ऐकणाऱ्याची सोय त्यांनी केलेली नाही.

त्याचं दुखणं एकच. माणसाला पान रिफ्रेश करावं लागतं, हे त्याला बघवत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर कोणी ‘टँकर आला का?’ विचारलं की त्याच्या काळजात कळ येते. विचारावं का लागतं? टँकर फाटकात शिरला की सगळ्यांच्या स्क्रीनवर आपोआप दिसायला हवा!

शनिवारी सकाळी तो बसतो. रुबीत वेबसाइट बांधायचं रेल्स घेतो, त्यात २०१६ साली पाचव्या आवृत्तीबरोबर आलेलं, वेबसॉकेट वापरणारं अ‍ॅक्शन केबल. चेअरमनना समजावतो, “काका, आतापर्यंत ब्राउझर दार वाजवायचा, सर्व्हर उत्तर देऊन दार लावून घ्यायचा. वेबसॉकेटमध्ये दार उघडंच ठेवायचं.” काकांना हे अजिबात पसंत पडत नाही. गेल्याच महिन्यात सोसायटीत चोरी झालेली असते.

दुपारपर्यंत चमत्कार तयार. ब्राउझरच्या दोन खिडक्या शेजारी शेजारी. डावीकडे ‘टँकर आला’ लिहिलं की उजवीकडे उमटतं. हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला, कुरिअरवाल्यालासुद्धा दाखवतो. बायको टेस्टिंगमध्ये आहे. ती एवढंच विचारते, “खऱ्या सर्व्हरवर बघितलंस?”

खऱ्या सर्व्हरवर शुकशुकाट. घरच्या मशीनवर सगळा कारभार एकाच प्रोसेसमध्ये चाललेला. सर्व्हरवर प्रोसेस अनेक, आणि एकीचा निरोप दुसरीला कळायला मध्ये रेडिस नावाचा निरोप्या लागतो. तो बसवला तर रेल्स म्हणतं, हे डोमेन माझ्या परवानगीच्या यादीत नाही. ते घातलं तर पुढे उभा असलेला एनजिनएक्स हा वेबसर्व्हर वेबसॉकेटला दारातच अडवतो. ताबडतोबराव रात्र रात्र जागतो. तिकडे सर्व्हर दर ३ सेकंदांनी ब्राउझरला हाळी देत असतो. आईला फोन करायचं मात्र रविवारपर्यंत राहून जातं.

मग २०२४ साली रेल्सची आठवी आवृत्ती आली आणि त्याने रेडिस हद्दपार केला. आता सॉलिड केबल! निरोप थेट डेटाबेसमध्ये ठेवायचे आणि सर्व्हरने तिथे जाऊन बघत राहायचं. किती वेळा? मुळातलं सेटिंग दर ०.१ सेकंदाला. म्हणजे माणसांनी एकदा विचारलेलं ज्याला सोसत नव्हतं, त्याचा सर्व्हर आता डेटाबेसला सेकंदात दहादा विचारतो: आला का, आला का, आला का?

वार्षिक सभेत अ‍ॅपचं उद्घाटन होतं. टाळ्याही पडतात. गोची पुढे आहे. टँकर आल्याचं बटण दाबायचं वॉचमनने, आणि वॉचमन आधी पाइप लावतो, मग चहा घेतो, मग बटण दाबतो. तिथून पुढे मात्र बातमी डोळ्याचं पातं लवायच्या आत प्रत्येक फ्लॅटमध्ये. अपवाद चौथ्या मजल्यावरच्या काकूंचा. त्या नेमक्या तेव्हा लिफ्टमध्ये असतात, फोनची रेंज गेलेली. बाहेर आल्यावर जोडणी पुन्हा होते, पण मधल्या काळात सुटलेला निरोप अ‍ॅक्शन केबल पुन्हा पोचवत नाही. ती सोय ज्याची त्याने करायची. काकू गॅलरीतून वाकून वॉचमनला विचारतात. तो वही उघडून सांगतो, “सात-दहाला आला, ताई.”

एक मात्र मान्य करायला हवं. ताबडतोबराव सोसायटीकडून एक पैसा घेत नाही, सर्व्हरचं भाडंही खिशातून भरतो, आणि काकूंची तक्रार आली की त्याच रात्री सुटलेले निरोप परत पाठवायचा कोड लिहायला घेतो. सोसायटीसाठी इतकी तळमळ असलेला दुसरा सभासद मी तरी पाहिलेला नाही.

तुमच्याकडे असा कोणी असेल तर त्याला खुशाल अ‍ॅप करू द्या. फक्त वॉचमनची वही रद्दीत जाऊ देऊ नका.