खिरीत साखर कुणी घालायची?

पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातली जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा २०२५ मध्ये जगात गाजली. 'वर्ल्ड्स बेस्ट स्कूल' स्पर्धेतला लोकांच्या मतांवर ठरणारा पुरस्कार तिला मिळाला आणि त्या क्षणापासून ती शासनाची शाळा झाली. त्याआधी ती कुणाची होती, हे विचारण्यात अर्थ नाही. दत्तात्रय वारे गुरुजी तिथे आले तेव्हा पट एका हाताच्या बोटांवर मावत होता. गुरुजींनी शिकवलं, गावाने खिशात हात घातला, पालक लांबून मुलं आणून घालू लागले आणि पट शंभराच्या वर गेला. याच गुरुजींनी त्याआधी शिरूर तालुक्यातली वाबळेवाडीची शाळा अशीच नावारूपाला आणली होती. त्या कामाची प्रशासनाने घेतलेली दखल म्हणजे चौकशी आणि निलंबन.

सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडी आहे. तिथल्या शाळेचे रणजितसिंह डिसले गुरुजी २०२० मध्ये 'ग्लोबल टीचर प्राइझ'चे मानकरी ठरले. दहा लाख डॉलरचा पुरस्कार, त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली. पुढे फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेला जायचं म्हणून त्यांनी रजेचा अर्ज केला, तेव्हा त्यांच्या हजेरीपटाची चर्चा सुरू झाली. शेवटी शिक्षणमंत्र्यांनी लक्ष घातलं तेव्हा कुठे रजेचा प्रश्न सुटला. जगात पहिला आला म्हणून काय झालं, रजेचा अर्ज योग्य मार्गानेच यायला हवा. उद्या प्रत्येक जण जगात पहिला येऊ लागला तर शिक्षणाधिकाऱ्यांनी कार्यालय चालवायचं कसं?

या सगळ्यातून शालेय शिक्षण विभागाने एक सिद्धान्त काढलेला दिसतो. तो कुठल्याही परिपत्रकात छापलेला नाही, पण राबवणूक चोख आहे. सिद्धान्त असा : पैसा दिला की शाळा बिघडते, दिला नाही की गाव पुढे येतं. म्हणून गावाच्या भल्यासाठी मन घट्ट करून हात आखडता घ्यावा.

पुरावा हवा? अंडं घ्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये ठरलं, की शालेय पोषण आहारात मुलांना आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं, न खाणाऱ्याला केळं. काही महिने अंडी आली, मुलांनी खाल्ली, त्या दिवशी हजेरी जरा बरी दिसू लागली. मग जानेवारी २०२५ मध्ये शासनाने आपला हात काढून घेतला. अंडा पुलाव, नाचणीसत्त्व, तांदळाची खीर हे पदार्थ ऐच्छिक झाले. ऐच्छिक म्हणजे, द्यायची इच्छा झालीच तर अंड्यांसाठी आणि खिरीतल्या साखरेसाठी शाळा व्यवस्थापन समितीने लोकसहभागातून सोय करावी.

आता ही सोय प्रत्यक्षात कशी होते, ते डोळ्यांपुढे आणा. मुख्याध्यापक पिशवी घेऊन वाण्याच्या दारात उभे.

"दोन किलो साखर."

"गुरुजी, कार्य काय घरी?"

"खीर आहे शाळेत."

"लिहून ठेवू?"

"लिहू नका. लोकसहभाग आहे."

"म्हणजे पैसे कोण देणार?"

"तुम्ही."

वाण्याने साखर दिली तर शाळेच्या फळ्यावर त्याचं नाव येईल. नाही दिली, तर शासनाची काही हरकत नाही. पदार्थ ऐच्छिक आहे. खीर अगोड खायची सवय लहानपणीच लागली तर पुढे मधुमेह होत नाही, हा आरोग्य विभागाच्या खात्यावर टाकता येण्यासारखा फायदा वेगळाच.

राज्याचा अर्थसंकल्प लाखो कोटींचा. त्या रकमेत अंड्याचं वजन किती, हे कुणी विचारू नये. प्रश्न पैशांचा नसून तत्त्वाचा आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाच्या एका जेवणासाठी डाळ, भाजी, तेल आणि इंधन धरून मे २०२५ पासून ६ रुपये ७८ पैसे मंजूर आहेत, तांदूळ वेगळा. सहा रुपये अठ्ठ्याहत्तर पैशांत डाळ शिजवून, वर फोडणी घालून, ते ताट पौष्टिक आहे असं ऑनलाइन नोंदवणारा शिक्षक ज्या राज्यात आहे, तिथे अर्थशास्त्राचं नोबेल अजून का आलं नाही, याचीच एखाद्या समितीने चौकशी करावी.

सिद्धान्ताची दुसरी बाजूही पाहावी : शासनाने एखादी गोष्ट स्वतः करायला घेतली की काय होतं. दर मुलामागे दोन गणवेशांना सहाशे रुपये येतात. वर्षानुवर्षं शाळा व्यवस्थापन समिती गावातल्या किंवा तालुक्यातल्या शिंप्याकडून माप घेऊन कपडे शिवून घ्यायची. त्यात कधी रंग उन्नीस-बीस व्हायचा, पण पँट कमरेला बसायची. मग 'एक राज्य, एक गणवेश' आला. कापड वरून, कापणी वरून, शिलाई महिला बचतगटांकडे. २०२४-२५ चं वर्ष सुरू झालं, पाऊस पडून गेला, दिवाळी आली, कित्येक शाळांत गणवेश आले नाहीत. जिथे आले तिथे पहिलीच्या पोराला चौथीची पँट आणि चौथीच्या पोराला पहिलीचा शर्ट. बचतगटांच्या बायकांना दोष देऊ नये. त्यांनी जे कापून आलं ते शिवलं. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं. म्हणजे जिथून निघालो तिथेच आलो, फक्त मधल्या वर्षात मुलांच्या अंगावर मागच्या वर्षीचे कपडे राहिले.

पाठ्यपुस्तकांचंही तसंच. प्रत्येक धड्यानंतर कोरी पानं बांधून पुस्तकाचीच वही करायची ही कल्पना २०२३-२४ मध्ये आली. दप्तर हलकं होईल, ज्याला वही परवडत नाही त्याला लिहायला पान मिळेल. हेतू वाईट नव्हता. पण मुलं वह्या आणतच राहिली, कोरी पानं कोरीच राहिली आणि जानेवारी २०२५ मध्ये कोरी पानं मागे घेण्यात आली. अंड्याचा निर्णयही त्याच महिन्यातला. मंत्रालयात तो महिना आवराआवरीचा असावा.

सप्टेंबर २०२३ हा महिनाही स्मरणीय आहे. त्या महिन्यात शासनाने शाळा दत्तक द्यायची योजना काढली. दरपत्रक सोबत होतं : मोठ्या महापालिकेच्या हद्दीतली शाळा पाच वर्षांसाठी दोन कोटी, दहा वर्षांसाठी तीन कोटी, ग्रामीण भागातली पाच वर्षांसाठी पन्नास लाख, दहा वर्षांसाठी एक कोटी. दात्याला हवं असेल तर तेवढ्या काळापुरतं शाळेला त्याने सुचवलेलं नाव. मदत वस्तू आणि सेवांच्या रूपात, रोकड नको. रोकड का नको? ज्यांनी नियम लिहिला त्यांना आपल्या खात्याची चांगलीच ओळख असावी.

आणि त्याच सप्टेंबरात, वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा जवळपासच्या समूह शाळांत विलीन करण्याचे प्रस्तावही मागवले गेले. अशा शाळा राज्यात सुमारे पंधरा हजार. मुलं जवळपास पावणेदोन-दोन लाख. एका हाताने शाळा दत्तक द्यायची, दुसऱ्या हाताने ती बंद करायची. पटाचा हाच निकष काही वर्षं आधी कडक लावला असता, तर यादीत जालिंदरनगरचं नाव ठळक अक्षरात आलं असतं आणि आज जगभर कौतुक झालेल्या त्या इमारतीत कुणाची तरी शेळी बांधलेली असती. कागदावर ते विलीनीकरणाचं यश म्हणून नोंदवलंही गेलं असतं.

शिक्षकांच्या बाबतीत विभाग अधिक हळवा आहे. २०२४ चा शिक्षकदिन त्याने एका शासन निर्णयाने साजरा केला : कमी पटाच्या शाळेतल्या दोनपैकी एका शिक्षकाच्या जागी पंधरा हजार रुपयांवर कंत्राटी माणूस. त्याच वर्षीच्या मार्चमधल्या संचमान्यतेच्या, म्हणजे शिक्षकांच्या जागा ठरवणाऱ्या, निर्णयाने सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली गेला की त्या वर्गांना शून्य शिक्षक मंजूर. शून्य. सप्टेंबरच्या शेवटी शिक्षकांनी सामुदायिक रजा टाकून मोर्चे काढले, कंत्राटी नेमणुकांचा निर्णय पुढे मागे घेतला गेला. शून्याचं कोडं मात्र अजून सुटायचं आहे. शून्य शिक्षकांच्या वर्गाची ऑनलाइन हजेरी रोज कोण भरणार?

या ठिकाणी महात्मा फुले यांची आठवण काढणं भाग आहे, कारण जयंतीला त्यांची प्रतिमा प्रत्येक कार्यालयात असते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी तक्रार मांडली, की सरकारचा महसूल बहुतांशी रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा पैसा मात्र वरच्या वर्गांच्या सोयीसाठी जातो. तो प्राथमिक शिक्षणाकडे वळवा. एवढं मोठं निवेदन. कर भरलाय, आता शाळा द्या, हा त्यांचा हट्ट. कर भरून झाल्यावर साखरही रयतेनेच आणायची असते, ही पुढची पायरी त्यांच्या काळात कुणाला सुचली नव्हती.

आता सिद्धान्ताचा एक छोटासा कच्चा दुवा. गाव पुढे यायला गावाजवळ काहीतरी असावं लागतं. खेड-शिरूर पट्ट्यात चाकण आहे, रांजणगाव आहे, कारखाने आहेत, जमिनीला भाव आहे. तिथे सरपंचाने हाक मारली तर पत्र्याच्या शेडची पक्की खोली होते. अक्कलकुव्यातल्या किंवा भामरागडमधल्या पाड्यावर दिवाळीनंतर अर्धं गाव कामाला बाहेर गेलेलं असतं. तिथल्या समितीने लोकसहभागाची बैठक बोलावली तर कोरम म्हाताऱ्यांचा आणि वर्गणी म्हणून कोंबडी. तिचं अंडं मुलांच्या ताटात जाईल असं म्हणावं, तर कोंबडी एक आणि मुलं सतरा. अशा शाळेला 'समग्र शिक्षा' योजनेतून वर्षाचं संयुक्त अनुदान मिळतं १० हजार रुपये. तीसपर्यंत पट असेल तर एवढंच, तीसच्या वर गेला की २५ हजार. या दहा हजारांतले हजार स्वच्छतेला राखून ठेवायचे. उरलेल्या नऊ हजारांत खडू, हजेरीपट, डागडुजी, पिण्याचं पाणी, इंटरनेट आणि वीजबिल. महिन्याला साडेसातशे रुपये. याच्या जोरावर डिजिटल वर्ग चालवायचा. बिल थकलं की मीटर जातो आणि दात्याने दिलेला टीव्ही कापड घालून झाकून ठेवावा लागतो. तपासणीला साहेब आले की कापड काढायचं, साहेब गेले की घालायचं.

या सगळ्या व्यवस्थेत एका माणसाने मात्र लोकसहभाग अगदी अक्षरशः मनावर घेतला आहे. चूल पेटवणारी, साठ ताटं वाढणारी, भांडी घासणारी बाई. स्वयंपाकी-मदतनीस हे तिचं पद. पगार म्हणायचा नाही, मानधन म्हणायचं. महिना २,५०० रुपये. दिवसाला शंभरसुद्धा नाहीत.

शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक ठेवले आहेत. तुमचं मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत असेल किंवा नसेलही, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला जा. सत्काराचे हार संपले की उभे राहा आणि चार गोष्टी इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा : यंदाचं संयुक्त अनुदान शाळेच्या खात्यात कोणत्या तारखेला आलं, वीजबिल किती थकलं आहे, शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत, आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईंचं मानधन कोणत्या महिन्यापर्यंत मिळालं आहे. उत्तर तोंडी देऊ लागले तर लेखी मागा.